टक्केकाकांची धाकटी

आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याला दोन बायका होत्या, आणि ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. थोरलीलासुद्धा. थोरली दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची आणि धाकटी झाकणं बनवायची.

भुवया खाली घ्या. धाकटी म्हणजे एक कंपनी. बाटल्यांना, बरण्यांना लागतात ती पत्र्याची झाकणं करणारी. चष्मेवाल्याकडे तिचे शेअर होते. आयुष्यभराची शिल्लक सगळी तिच्याच पदरात घातलेली. तिचा विषय निघाला की त्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरायचं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसत नाही. मी तो फोटो पाहिला आहे. त्यात तो दाढ दुखत असल्यासारखा उभा आहे.

'धाकटी' हे नाव थोरलीनेच ठेवलं. म्हणजे आमच्या वहिनींनी. एकदा तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवते बघा. दरवर्षी! आणि न मागता!" त्यावर मागच्या खोलीतून आवाज आला, "न मागता देणारी ती धाकटी. मागूनही न मिळणारी मी थोरली." गिऱ्हाइकाला वाटलं, खरंच काही भानगड आहे. त्याने चष्मा राहू दिला आणि बातमी तेवढी घरी नेली. संध्याकाळपर्यंत ती गल्लीभर झाली. थोडा हातभार माझाही लागला, नाही म्हणत नाही.

चष्मेवाल्याला सगळे टक्केकाका म्हणत. मी वयाने बरोबरीचा, म्हणून नुसताच टक्के म्हणायचो. पाऊस येईल का विचारलं तर म्हणे, "साठ टक्के." जेवलास का विचारलं तर, "ऐंशी टक्के." त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर माझी सकाळ जायची. बाक बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणजे तिथून दुकानही दिसायचं, शेजारचं औषधाचं दुकानही, आणि मागच्या खोलीचं दार उघडं असलं तर वहिनी आणि त्यांचं घासायचं यंत्रही. बातमीसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

टक्केची आणखी एक खोड होती. नंबर तपासायच्या यंत्रावर गिऱ्हाइकाची हनुवटी टेकवायची, "अजिबात हलू नका" म्हणायचं, आणि मग धाकटीचं पुराण सुरू. बिचारं गिऱ्हाईक जाणार कुठे?

"शेअरचा भाव बघू नका," तो म्हणायचा. "भाव म्हणजे गल्लीतल्या गप्पा. आज एक, उद्या दुसरी." इथे माझ्याकडे एक कटाक्ष. "दोनच गोष्टी बघा. पहिली, डिव्हिडंड दरवर्षी वाढतो का. म्हणजे, हातावर जे ठेवते ते वाढवून ठेवते का. दुसरी, कशातून ठेवते. समजा जावयाला पगार शंभर. त्यातले घरात देतो चाळीस, साठ मागे ठेवतो. उत्तम जावई. शंभरातले नव्वद देतो, तर प्रेमळ आहे, पण उद्या आजारी पडला तर काय? आणि पगार शंभर असून एकशेदहा देत असेल, तर सासऱ्याने समजावं, की हा कुठेतरी हात मारतोय. याला म्हणतात पेआउट रेशो. वरची ओळ दिसते का?"

"हूं," गिऱ्हाईक ओठ मिटूनच म्हणायचं.

एवढं सगळं कळणारा माणूस! म्हणून तर पुढे जे झालं त्याने माझी मतीच गुंग झाली.

कंपनीचा वार्षिक अहवाल यायचा तो चांगला जाडजूड. टक्के त्यातले दोन आकडे काढायचा. एका शेअरमागे नफा किती, आणि एका शेअरमागे डिव्हिडंड किती. एक भागाकार करायचा, की झालं. मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपा म्हणजे वकिलांच्या पोटापाण्याची सोय, असं त्याचं मत. सगळ्या गल्लीला बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा गृहस्थ स्वतः ती पानं काचा गुंडाळायला वापरायचा.

तर धाकटीचा रेशो हळूहळू चढत होता. चाळीस होता तो पन्नास झाला, मग साठ, मग सत्तर. तेव्हा टक्केचं जेवण साठ टक्क्यांवर आलं. आणि या वर्षी अहवाल आला, त्याने भागाकार केला आणि खुर्चीतून उडालाच. डिव्हिडंड दहा टक्क्यांनी वाढवलेला, आणि रेशो सत्तरवरून खाली, थेट पंचेचाळीसवर!

"बघितलंस? जास्त देऊनही जास्त मागे ठेवलं! अशी बाई जगात नाही!"

"ऐकलं बरं मी," मागच्या खोलीतून वहिनी.

त्या दिवशी टक्केने मनात काय ठरवलं, ते मला कळलं नाही. मला! आठवडाभर मी त्या बाकावर बसून होतो आणि मला पत्ता नाही. नंतर कळलं तेव्हा सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

कळलं ते असं. एका सकाळी शेजारचा औषधवाला मोजायची टेप घेऊन आला. तरुण आहे, नम्र आहे, डोळे मात्र सदा दुसऱ्याच्या भिंतीवर. तो तडक मागच्या खोलीत शिरला.

"काकू, हे यंत्र जरा बाजूला घेता का? फ्रीज कुठे बसेल ते बघतो."

"कसला फ्रीज?"

"औषधांचा. मोठा आहे, दोन दारांचा."

"तो आमच्या खोलीत कशाला?"

औषधवाल्याने टेप सोडली. ती सर्रकन आपल्या डबीत शिरली. त्यालाही जमलं असतं तर तोही शिरला असता. "म्हणजे... काका काही बोलले नाहीत?"

मी बाकावर सावरून बसलो. चहा तसाच हातात.

वहिनी बाहेर आल्या. हातावर काचेची पांढरी पूड, कपाळावर ढकललेला चष्मा. "अहो, हा काय म्हणतोय?"

टक्के एक फ्रेम पुसत होता. ती इतकी पुसली की रंग जायचा बाकी. "अगं, मी सांगणारच होतो. दुकान विकतोय याला. बयाणासुद्धा घेतला. तुलाच आराम मिळावा म्हणून! किती वर्षं काचा घासणार तू?"

"मी तक्रार केली कधी?"

"तसं नाही गं. दुकानाचे पैसे धाकटीतच घालू. ती दरवर्षी वाढवून देते. मग आपण दोघं सुखात राहू."

"आपण तिघं," वहिनी म्हणाल्या.

औषधवाला हसायच्या बेतात होता. वहिनींनी बघितल्यावर बेत मोडला.

"सही कधी आहे?"

"परवा सकाळी. वकील इथेच येणार आहे. उद्या कंपनीची वार्षिक सभा, ती आटोपली की."

"मग उद्या मीही येते. जिच्या जिवावर जगायचं, तिचं तोंड तरी बघू."

"तिथे फक्त भागधारकांना सोडतात गं."

"याला सोडतात ते?" माझ्याकडे बोट. मला टक्केनेच हट्टाने एक शेअर घ्यायला लावला होता, सभेला सोबत म्हणून.

टक्के घुटमळला. मग अगदी हळू म्हणाला, "तसं बघितलं तर तुलाही सोडतील. शेअर दोघांच्या नावावर आहेत. तेव्हा टॅक्सवाल्याने सांगितलं, जोडीने घ्या, म्हणून घेतले. तू सह्या केल्या होत्यास की."

वहिनींनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "तुम्ही 'इथे सही कर' म्हणालात, मी केली. म्हणजे इतकी वर्षं सवतीची अर्धी मालकीण मीच? आणि सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

असं उत्तर बायकोला देऊ नये. कोणत्याही वयात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसने सभेला गेलो. मोठं सभागृह, दारात प्रत्येकाच्या हातात एक खोका. त्यात केकचा तुकडा आणि कंपनीचं नाव कोरलेली झाकण उघडायची चावी. सभेला येणारी मंडळी बहुतेक आमच्यासारखीच, केस पिकलेली आणि वेळ मोकळा असलेली. तिथली रीत अशी, की एकेकाने माइकवर जायचं आणि चेअरमनची स्तुती करायची. जितकी स्तुती लांब, तितका चेअरमन जास्त हसतो, आणि पुढच्या वर्षी नावाने ओळखतो. एका गृहस्थाने चेअरमनना सूर्य म्हटलं. दुसऱ्यानेही सूर्यच ठरवून आणला होता. तो आता वापरून झालेला बघून त्याने ऐनवेळी वडाच्या झाडावर भागवलं.

मग आमचा टक्के. तो स्तुती करायचा तीही टक्क्यांत. "अध्यक्षमहोदय, झाकणांची विक्री या वर्षी थोडी घटली आहे. तरीही नफा एवढा वाढला! डिव्हिडंड वाढवूनही पेआउट रेशो सत्तरवरून पंचेचाळीसवर आणला! ही किमया फक्त आपणच करू जाणे!"

टाळ्या पडल्या. तो वळला, तर वहिनी त्याच्या मागे उभ्या. त्यांनी माइक धरला.

"मला एक विचारायचं होतं. या वर्षी काय विकलंत?"

 स्तुतीच्या रांगेत प्रश्न आला की कसं होतं ते तुम्ही बघायला हवं होतं. लग्नाच्या पंगतीत कुणी हुंड्याचा हिशेब मागावा तसं. टक्के बायकोला कोपराने ढोसायला लागला.

"अहो, ढोसू नका, बरगडी आहे ती," वहिनी म्हणाल्या. माइकमधून ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मग त्या चेअरमनना म्हणाल्या, "राग मानू नका. माझ्या वडिलांची कमाई बेताची. एका वर्षी त्यांनी आम्हा सगळ्या भावंडांना नवे बूट आणले, आईला घड्याळ आणलं. आम्ही घरभर नाचलो. मग आई शिवायला बसायला गेली, तर शिलाई मशीन जागेवर नव्हतं. तेव्हापासून घरात एकदम पैसा दिसला की मी आधी घरातल्या वस्तू मोजते. आत्ताच हे म्हणाले, झाकणं कमी खपली. मग पैसे जास्त कुठून आले?"

मला वाटलं, आता चेअरमनच्या तोंडचं पाणी पळणार. छे! तो गोरागोमटा म्हातारा उलट खुलला. "फार छान प्रश्न, ताई! अहवालाच्या टिपांमध्ये दिलंच आहे. आपला जुना कारखाना होता ना, नदीकडेचा? ती जागा आपण विकली. असा भाव आला म्हणून सांगू, माझा स्वतःचा विश्वास बसेना!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशप्पथ! सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सवयीने टक्केनेही दोन वाजवल्या. तिसरीचे हात जवळ आले आणि तसेच हवेत राहिले.

त्याचे ओठ हलायला लागले. भागाकार चालला होता. "जागेचे पैसे सोडून," तो म्हणाला, "नुसत्या झाकणांवर नफा किती?"

चेअरमनच्या शेजारच्या हिशेबनिसाने कागद न बघता आकडा सांगितला. म्हणजे त्याला पाठ होता. झोप उडवणारे आकडेच माणसाला असे पाठ होतात.

"एकशेतीस," टक्के म्हणाला.

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्या यंत्रावर हनुवटी टेकवून मी हे पुराण कित्येकदा ऐकलं होतं. शंभर कमवायचे आणि एकशेतीस वाटायचे! मी टक्केकडे बघितलं. आत्ताच कुणीतरी थोबाडीत मारावी आणि मारणारा दिसूच नये, असा त्याचा चेहरा. आयुष्यभराची शिल्लक त्या झाकणांत होती, आणि उद्या दुकानही त्यातच जाणार होतं.

चहाच्या वेळी चेअरमन स्वतः आमच्याकडे आला. वहिनींच्या प्रश्नाने तो खरंच खूश होता. वर्षानुवर्षं सूर्य होऊन होऊन माणूस कंटाळत असेल.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगतो," तो केकचा तुकडा मोडत म्हणाला, "लोक आता झाकणं कुठे घेतात? सगळं पिशवीत मिळतं. पण डिव्हिडंड कमी करायचं नाव काढायची सोय नाही. आमच्या घरात भाऊ, पुतणे, बहिणी, सगळ्यांचं यावरच चालतं. काम कुणी करत नाही, वाढ मात्र दरवर्षी हवी. एकदा मी म्हटलं, यंदा तेवढाच राहू दे, तर धाकट्या भावाने बोलणं टाकलं." मग त्याने टक्केच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने. "तुम्ही नका हो घाबरू. पुढच्या वर्षीचीही सोय आहे. अजून एक गोदाम आहे."

टक्केने एक बोट मिटून एक वर्ष मोजलं. दुसरं बोट मिटायला काही नव्हतं. 

"आणि गोदामानंतर?" वहिनींनी विचारलं.

चेअरमनने केक गिळला. "गोदामानंतर मी निवृत्त होतोय."

इतकं सरळ उत्तर! चोरी नाही, लबाडी नाही, सगळं उघड, टिपांमध्ये छापलेलं. मी आयुष्यभर लोकांची गुपितं खणून काढली. पण चारचौघांत टाळ्या घेऊन सांगितलेली गोष्टच कुणाला कळत नाही, हे तिथे बघितलं आणि तोंडाचा आ मिटेना.

परतीच्या बसमध्ये टक्के खिडकीशी बसला होता. मी चिडवायला म्हटलं, "काय, किती टक्के?"  वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज नको." मीही गप्प बसलो. यावरून काय ते ओळखा.

गल्लीत आलो तर दुकानासमोर पुठ्ठ्यात गुंडाळलेलं एक कपाटाएवढं धूड उभं. औषधवाला त्याच्या भोवती फिरत होता. "काका, फ्रीज आला! एक दिवस आधीच. आत घ्यायचा का?"

टक्केने दुकानाचं कुलूप काढलं. पाठ फिरवूनच म्हणाला, "दुकान नाही विकायचं."

"काय?"

"नाही विकायचं. बयाणा परत देतो."

"अहो काका! फ्रीज रस्त्यात उभा आहे माझा! आणि मला आधी कळवायला..."

"मला आज दुपारी कळलं," टक्के म्हणाला.

औषधवाला आशेने वहिनींकडे वळला. वहिनी म्हणाल्या, "जरा थांब रे. बाहेर थांब, फ्रीजपाशी." तो गेला. मला मात्र कुणी जा म्हटलं नाही. मी बाकावरच होतो, आणि बाक बाहेरच असतो.

"तुम्ही विकणार म्हणालात, तेव्हा मला विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आता नाही विकणार म्हणालात, तेव्हाही नाही विचारलं. दुकान कुणाचं?"

"आपलं."

"कागदावर?"

"कागदावर... माझं. पण अगं, तुझं माझं वेगळं आहे का?"

"सवतीत अर्धा वाटा, आणि जिथे बोटं घासली तिथे काही नाही. बरं. आता मला तुमच्या भाषेत सांगा. माझ्या या खोलीतून दुकानाने जेवढं कमावलं, त्यातलं माझ्या हातावर किती ठेवलंत? घरखर्चाचं नाही विचारत. माझ्या हातावर. रेशो किती?"

टक्के प्रामाणिक माणूस. त्याने खरंच मनात भागाकार केला. मला दिसत होता, ओठ हलत होते. मग त्याची मान खाली गेली.

"शून्य टक्के."

"आणि दरवर्षीची वाढ?"

"शून्यावर वाढ काढता येत नाही," टक्के पुटपुटला. हिशेबात तो तेव्हाही चुकला नाही, हे सांगायला हवं.

"ठीक. चौकातल्या मोठ्या चष्मेवाल्याने मला दोनदा विचारलंय, आमच्याकडे काचा घासायला या म्हणून. पगार देतो म्हणाला."

हे मात्र भलतंच होतं. टक्के उभ्या उभ्या पांढरा पडला.  चौकातला चष्मेवाला! दोनदा! आणि बाकावर बसणाऱ्या माणसाला गंधवार्ता नाही!

"कधी विचारलं?" टक्केने विचारलं.

"तुम्ही धाकटीचं कौतुक करत होतात तेव्हा. उद्या वकील येणारच आहे ना? येऊ दे. दुकान अर्धं माझ्या नावावर करा. आणि ते शेअर विकायला काढा. गोदाम उभं आहे तोवर कुणीतरी घेईल. माझी सही लागते ना? देते."

"सगळे?" टक्केने असं विचारलं जसं कुणी घरातलं माणूस बाहेर काढायला सांगितलंय.

"सगळे. आणि दुकानाच्या नफ्यातले चाळीस टक्के माझ्या हातावर. बाकीचे साठ दुकानात राहू देत. घासायच्या यंत्राचा पट्टा कधीचा बदलायचाय."

टक्केने माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी. माझ्याकडे नेहमी काहीतरी बोलायला असतं. त्या दिवशी मी औषधवाल्याकडे बघत बसलो. बाहेर औषधवाला फ्रीजला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडावर अजून पुसटशी आशा होती.

"चाळीस," टक्के शेवटी म्हणाला. "आणि दरवर्षी वाढ?"

"दरवर्षी वाढ."

"कशातून?"

वहिनींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. खोलीत एका शिक्षिकेच्या काचा घासायच्या राहिल्या होत्या. शिक्षिका दुपारी चष्मा न्यायला आल्या होत्या आणि बंद दार बघून परत गेल्या होत्या.

"काम करून," वहिनी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी यंत्र सुरू केलं.